स्टेनलेसच्या चाकूवर गंज : वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

घडीच्या चाकूंविषयी येणाऱ्या पत्रांत गेले काही महिने एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत वाचायला मिळते आहे : पाते स्टेनलेस स्टीलचे, तरीही त्यावर तांबूस ठिपके. म्हणून या खेपेचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. पहिली दोन उत्तरे लांबली आहेत, पण ती सावकाश वाचली तर पुढच्या प्रश्नांचा बराचसा उलगडा त्यांतच होईल.

प्रश्न : माझ्याकडे चार वर्षांपासून घडीचा चाकू आहे. त्याच्या पात्यावर ‘स्टेनलेस’ असे कोरलेले आहे. मध्यंतरी प्रवासाहून आल्यावर तो दोन आठवडे पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात तसाच राहिला. बाहेर काढला, तेव्हा पात्याच्या मधोमध आणि नख अडकवायच्या खाचेत तांबूस ठिपके दिसले. माझी फसवणूक झाली का? स्टेनलेसला गंज चढतोच कसा?

उत्तर : नुसत्या ठिपक्यांवरून फसवणूक झाली असे समजू नये. स्टेनलेस स्टील म्हणजे कधीच न गंजणारा धातू नव्हे. त्यातही मुख्य भाग लोखंडाचाच असतो आणि लोखंडाने गंजण्याचा आपला स्वभाव सोडलेला नसतो. फरक एवढाच की, त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते आणि हे क्रोमियम हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून पृष्ठभागावर एक अत्यंत पातळ पापुद्रा धरते. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतल्या दोन-तीन भागांइतकीच त्या पापुद्र्याची जाडी भरेल. तो डोळ्यांना दिसत नाही, बोटाला जाणवत नाही, पण आतल्या लोखंडाचे रक्षण तोच करतो. पात्यावर ओरखडा उठला, तर तेवढ्या जागी तो फाटतो आणि हवा लागताच पुन्हा धरतो. रंगाला किंवा मुलाम्याला हे कधीच साधत नाही. म्हणजे या पापुद्र्याला टिकायला हवा लागते, ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पुढे सांगितलेले जवळजवळ सगळे तिच्यावरच उभे आहे.

नावामुळेही थोडा गैरसमज झालेला आहे. १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्ड या गावी हॅरी ब्रिअर्ली यांनी बंदुकांच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून निरनिराळी पोलादे करून पाहताना सुमारे १२.८ टक्के क्रोमियमचे पोलाद ओतले, आणि सुऱ्यांचे गाव असल्यामुळे त्याचा उपयोग लवकरच सुऱ्यांसाठी झाला. ब्रिअर्ली त्याला ‘रस्टलेस’, म्हणजे गंजविरहित म्हणत असत. ‘स्टेनलेस’, म्हणजे बिनडागाचे, हे नाव सुऱ्यांच्या कारखान्यातले अर्नेस्ट स्टुअर्ट यांनी सुचवले. दोन्ही नावे धातूच्या कुवतीपेक्षा जास्त सांगतात. ‘सहसा न गंजणारे’ हे वर्णन अधिक खरे ठरले असते.

आता आपल्या मनात साहजिकच येईल की, स्वयंपाकघरातली स्टीलची भांडी रोज पाण्यात राहूनही गंजत नाहीत, मग चाकूच का गंजावा? भांड्यांच्या नेहमीच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, कार्बन मात्र नावापुरता असतो. असे स्टील गंजाला चांगले तोंड देते, पण तापवून आणि पाणी देऊन, म्हणजे झटकन थंड करून, ते कडक करता येत नाही, म्हणून त्याच्यावर टिकाऊ धार बसत नाही. धार हवी, तर पोलादात कार्बन हवा. चाकूंच्या पात्यांत तो साधारण अर्ध्या टक्क्यापासून एक टक्क्यापर्यंत आणि काही जातींत त्याहूनही जास्त असतो. अडचण अशी की, कार्बनला क्रोमियमची ओढ फार. दोघे मिळून कार्बाइडचे कठीण कण तयार होतात. ते धार टिकवतात खरे, पण त्यांत अडकून पडलेले क्रोमियम पापुद्रा धरण्याच्या कामी येत नाही. डी२ नावाच्या पोलादात जवळजवळ १२ टक्के क्रोमियम असूनही ते स्टेनलेसमध्ये धरत नाहीत, कारण त्यातला दीड टक्का कार्बन क्रोमियमचा मोठा वाटा गिळून बसतो. उलट ४४०सी या जुन्या, नावाजलेल्या पोलादात एक टक्क्याच्या आसपास कार्बन असला, तरी क्रोमियम १६ ते १८ टक्के असल्यामुळे पुरेसे मोकळे उरते. शिवाय पाते कसे तापवले आणि त्याला पाणी कसे दिले यावरही बरेच अवलंबून असते; एकाच जातीच्या पोलादाचे दोन चाकू म्हणूनच वेगवेगळे वागतात.

पापुद्र्याचा खरा वैरी नुसते पाणी नव्हे, तर मीठ आहे. हाताचा घाम पात्याला लागून वाळला की मीठ मागे राहते आणि दमट हवेतला ओलावा आपल्याकडे ओढून घेते. मिठातले क्लोराइड पापुद्र्यातली एखादी कच्ची जागा गाठते. पोलादात राहून गेलेल्या गंधकाच्या संयुगांच्या सूक्ष्म कणांजवळ अशी जागा बहुधा सापडते. तिथे पापुद्रा फुटला आणि हवा पोहोचली नाही, तर बारीक खड्डा पडू लागतो. खड्ड्यात विरघळलेल्या धातूमुळे तिथले पाणी आम्लधर्मी होते, आम्लामुळे नवा पापुद्रा धरत नाही, आणि बाहेरचे क्लोराइड आणखी आत खेचले जाते. म्हणून स्टेनलेसचा गंज साध्या लोखंडासारखा सगळीकडे सारखा पसरत नाही. तो ठिपक्याठिपक्यांनी येतो आणि रुंदीपेक्षा खोलीत वाढतो. आपला चाकू घामाच्या हाताने हाताळला गेला असणार, मग दोन आठवडे बंद कप्प्यात, हवेवाचून, दमटपणात राहिला. नखाच्या खाचेत तर नखाखालचा मळ आणि घाम दोन्ही साठतात आणि ती खाच बाकीच्या पात्याइतकी गुळगुळीत नसते. ठिपके नेमके तिथे दिसले यात आश्चर्य नाही.

पुढचे काही करण्याआधी ठिपके उजेडात, साध्या भिंगाखाली नीट पाहावेत. तांबूस पुसट झाक असेल, तिला मध्य नसेल आणि ओल्या फडक्याने ती बरीचशी निघत असेल, तर तो गंज बहुधा पात्याचा नाहीच. जवळ ठेवलेल्या खिळ्याचा, किल्लीचा किंवा लोखंडाच्या किसाचा तो बसलेला आहे. तांबूस वर्तुळ आणि त्याच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढा काळा बिंदू दिसला, तर तिथे खड्डा पडायला सुरुवात झालेली आहे. निळसर-करडे पट्टे किंवा पांढऱ्या कडेचे डाग हे गंज नव्हेतच. पहिले बहुधा आंबट फळांच्या रसाचे आणि दुसरे पाण्यातल्या क्षारांचे असतात. ते दिसायला वाईट असले तरी पात्याला त्यांच्यापासून धोका नाही.

प्रश्न : पात्यावरचे डाग मी भांडी घासायच्या तारेच्या घासणीने घासून काढले. पाते स्वच्छ झाले, पण आठवड्याभरात पहिल्यापेक्षा जास्त ठिपके उमटले. आता काय करावे? लिंबू आणि मीठ लावून पाहू का?

उत्तर : नवे ठिपके बहुतेक त्या घासणीनेच आणलेले आहेत. तारेची घासणी साध्या लोखंडी तारांची असेल, तर घासताना तिचे सूक्ष्म कण पात्यावर आणि नव्या ओरखड्यांत रुतून बसतात. ते साधे लोखंड असल्यामुळे आधी गंजतात आणि त्यांच्याखाली पापुद्र्याला हवा मिळत नाही. लोखंडी तारांचा ब्रश, किंवा आधी लोखंडावर वापरलेला पॉलिश पेपर पात्याला लावला तरी हेच होते. आणि लिंबू-मीठ कृपा करून लावू नये. लिंबाचा रस गंज सोडवतो हे खरे, पण सोबतचे मीठ म्हणजे ज्याच्यामुळे हा आजार झाला तेच पुन्हा चोळून लावणे होय. डाग निघतो, पाते चमकते, आणि खाचाखोचांत राहिलेले मीठ आपले काम चालू ठेवते. संडास साफ करायचे आम्ल आणि कपड्यांचे ब्लीच यांच्या बाबतीत तर मी आग्रहाने सांगेन की, ती चाकूजवळ आणूच नयेत. पहिल्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असते, दुसऱ्यात हायपोक्लोराइट, आणि दोन्ही पात्याला खड्डे पाडतात.

डाग काढताना मऊ उपायापासून सुरुवात करून गरजेपुरतेच पुढे जावे. प्रथम पाते उघडून कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि दात घासायचा जुना ब्रश यांनी सगळा चाकू धुवावा. घाम आणि मीठ निघून गेल्याशिवाय बाकीच्या उपायांना अर्थ नाही. पाते पूर्ण कोरडे करावे. मग ते सपाट लाकडी फळीवर आडवे टेकवून, पाठीकडून धारेकडे किंवा लांबीने, पण धारेवरून बोट कधीही उलटे न नेता चोळावे. घडीच्या चाकूला खटका असेल, तर तो बसला आहे याची खात्री करावी. डाग काढण्याच्या नादात पाते बोटांवर मिटून झालेल्या जखमा मी पाहिलेल्या आहेत. तेलाचा थेंब आणि जाड सुती फडके एवढ्यानेच पुष्कळ ठिपके जातात. न गेले, तर खाण्याच्या सोड्यात अगदी थोडे पाणी घालून दाट लेप करावा आणि बाटलीच्या बुचाच्या तुकड्याने चोळावे. त्यानेही राहिले, तर धातूला चमक आणणारे पॉलिश घ्यावे. काळा, घट्ट चिकटलेला गंज पितळेच्या पट्टीच्या कडेने खरवडता येतो. पितळ पात्याच्या पोलादापेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडा उठत नाही, पिवळसर रेघ उमटली तर ती पॉलिशने जाते.

ऑक्झॅलिक ॲसिड असलेल्या साफसफाईच्या पावडरी मात्र एक पायरी वरच्या आहेत. हे आम्ल गंजाला विरघळवून उचलते आणि खाली चांगल्या धातूला फारसे छेडत नाही, म्हणून हट्टी डागांवर ते खरोखर उपयोगी पडते. पण ते विषारी आहे. हातमोजे घालावेत, पावडर नाकातोंडात जाऊ देऊ नये, ओला लेप मिनिटभरच ठेवावा, सांध्यात शिरू देऊ नये आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावे. पॉलिश पेपर सर्वांत शेवटी, तोही २००० नंबरचा किंवा त्याहून बारीक, तेल लावून, आणि पात्यावर आधीपासून ज्या दिशेने बारीक रेघा आहेत त्याच दिशेने. आरशासारखे चकचकीत पाते असेल, तर पॉलिश पेपर लावूच नये. डाग जाईल, पण त्याच्या जागी धुरकट चट्टा कायमचा राहील.

माझ्या स्वतःच्या एका चाकूवर असा डाग होता. ओल्या हातरुमालात गुंडाळलेला तो चाकू मी अंगरख्याच्या खिशात विसरलो होतो. टोकापासून दोन सेंटिमीटरवर मसुराएवढे तांबूस वर्तुळ आणि मध्ये काळा बिंदू. पेन्सिलीच्या खोडरबराने वर्तुळ अर्ध्या मिनिटात गेले. बिंदू हलला नाही. दातकोरणीचे टोक चाकूनेच तासून बारीक केले, पॉलिशमध्ये बुडवले आणि बिंदूवर टेकवून दोन बोटांत फिरवत राहिलो. तीन दातकोरण्यांची टोके एकामागून एक काळीशार झाली. चौथी जवळजवळ स्वच्छ निघाली, तेव्हा भिंगाखाली पाहिले : काळा बिंदू नव्हता, सुई टोचावी तसा एक रिकामा, तळ चमकणारा खड्डा होता. तो खड्डा मी तसाच ठेवला. तो घालवायचा, तर सगळे पाते तेवढे झिजवावे लागेल, आणि त्याची गरज नाही. आतला गंज संपूर्ण निघाला आणि तळाला हवा लागली की तिथेही पापुद्रा धरतो. त्या जागी पुन्हा तांबूस वर्तुळ आलेले नाही.

काम झाल्यावर चाकू पुन्हा साबणाने धुऊन, कोरडा करून, पाते उघडे ठेवून एक दिवस हवेशीर जागी राहू द्यावा आणि मगच तेल लावावे. पापुद्रा धरायला क्षण पुरतो, पण तो चांगला दाट व्हायला वेळ लागतो. कारखान्यांत याच कामासाठी सायट्रिक किंवा नायट्रिक आम्लाची आंघोळ घालतात. घरी घडीच्या चाकूवर तो प्रयोग करू नये, कारण पितळेच्या पट्ट्या, स्प्रिंगा आणि खिळी यांना तो मानवत नाही.

प्रश्न : चाकूच्या पात्याला चुंबक घट्ट चिकटतो, तर स्टीलच्या पातेल्याला चिकटत नाही. म्हणजे पाते बनावट स्टेनलेसचे आहे ना?

उत्तर : नाही. पाणी देऊन कडक केलेल्या स्टेनलेस पोलादाला चुंबक चिकटतोच, आणि घडीच्या चाकूंची जवळजवळ सगळी पाती याच प्रकारची असतात. पातेल्यातल्या निकेलमुळे त्याच्या धातूची अंतर्गत रचना वेगळी असते, म्हणून तिथे चुंबक चिकटत नाही. चुंबकाने भांड्यांचे थोडेफार कळते. चाकूच्या पात्याचे काहीच कळत नाही. खरे तर चाकूच्या पात्याला चुंबक अजिबात चिकटला नाही, तर ते धार धरेल का, याचीच शंका घ्यावी.

प्रश्न : वडिलांचा जुना, अनेक पात्यांचा चाकू मिळाला. एक पाते उघडतच नाही आणि जे उघडतात त्यांच्या सांध्यातून तांबडी भुकटी गळते. पक्कडीने ओढून काढू का?

उत्तर : पक्कड लावू नये; अशा वेळी पात्यापेक्षा सांध्याची खीळ किंवा नखाची खाच आधी तुटते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे अरुंद सांध्यात तो पाचरीसारखा दाटतो आणि पाते जखडले जाते. सांध्यात हवा पोहोचत नाही, ओलावा मात्र केशिकांसारखा शोषला जातो. पापुद्र्यासाठी याहून वाईट जागा नाही. शिवाय अशा चाकूंची स्प्रिंग आणि खिळी नेहमीच पात्याइतक्या चांगल्या स्टेनलेसची असतील असे नाही, त्यामुळे तांबडी भुकटी पुष्कळदा त्यांचीच असते आणि पाते निर्दोष असते.

सांध्यात पातळ, आत शिरणारे तेल सोडावे आणि चाकू सांधा वर करून रात्रभर ठेवावा. दुसऱ्या दिवशी पाते उघडायची घाई न करता पुन्हा तेल सोडावे. हे तीन-चार दिवसही करावे लागेल. मग चाकू जाड फडक्यात धरून, नखाच्या खाचेत लाकडी पट्टीची कड अडकवून हळू जोर द्यावा. पाते केसभर जरी हलले, तरी तिथेच थांबून ते मिटावे, तेल घालावे आणि पुन्हा केसभर उघडावे. प्रत्येक वेळी तेल तांबडे होऊन बाहेर येईल. ते पुसत राहावे. तेल बाहेर येताना स्वच्छ दिसू लागले की सांधा मोकळा झाला असे समजावे. त्यानंतर गरम पाणी आणि साबणाने सगळी भुकटी धुऊन काढावी, पाते उघडमिट करत फुंकून किंवा हवेच्या पंपाने पाणी झटकावे, पूर्ण वाळवावे आणि सांध्यात एकच थेंब तेल द्यावे. वडिलांच्या हातातली वस्तू आहे, तेव्हा चार दिवस जास्त गेले तरी चालतील. मूठ काढून पाहण्याचा मोह मात्र आवरावा, कारण ठोकून बसवलेली खीळ एकदा काढली की ती तशीच परत बसत नाही.

प्रश्न : पात्याला कोणते तेल लावावे? आणि चाकू महिनोन्‌महिने वापरला जात नसेल तर तो कसा ठेवावा?

उत्तर : ज्या चाकूने कधीकाळी फळ कापले जाणार असेल, त्याला औषधांच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन सर्वांत सोयीचे, त्याला वास नाही, ते खवट होत नाही आणि पोटात गेलेल्या अंशाने काही बिघडत नाही. जपानमध्ये हत्यारांना कॅमेलियाच्या बियांचे तेल लावण्याची जुनी पद्धत आहे, आणि तेही चांगले. शिलाई मशीनचे तेल सांध्याला उत्तम आहे, मात्र खाण्याच्या कामाच्या पात्यावर नको. स्वयंपाकाची बहुतेक तेले हवेत हळूहळू घट्ट, चिकट होतात. सांध्यात ती गेली की पाते जड होते आणि चिकटपणाला धूळ धरते.

डब्ल्यूडी-४० विषयी वारंवार विचारले जाते. १९५३ साली तयार झालेल्या या फवाऱ्याचे नावच ‘पाणी हटवण्याचा चाळिसावा प्रयत्न’ असे सांगते, आणि धुतलेल्या सांध्यातले पाणी हाकलायला तो खरेच चांगला. पण त्याचा पातळ भाग उडून जातो आणि मागे राहणारा थर नाजूक असतो. पाणी हटवण्यासाठी तो वापरून मग पुसावा आणि नेहमीचे तेल लावावे. तेलही बेताने लावावे : एक थेंब, फडक्याने सगळीकडे पसरलेला, पाते हातात धरून तिरपे पाहिले तर जेमतेम झाक दिसेल इतका.

बराच काळ ठेवायचा असेल, तर चामड्याच्या म्यानात ठेवू नये. कातडे कमावताना वापरलेले क्षार आणि आम्ले त्यात उरलेली असतात आणि चामडे ओलावाही धरून ठेवते. म्यानात वर्षभर राहिलेल्या पात्यावर म्यानाच्या शिवणीचा ठसा गंजात उमटलेला मी पाहिला आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत करकचून बांधून ठेवणेही तितकेच वाईट, कारण आत ओलावा राहिला तर त्याला बाहेर पडायला वाट नाही. कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळून, कपाटाच्या कोरड्या खणात, शक्य तर सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवावा आणि महिन्या-दोन महिन्यांनी एकदा उघडून, पुसून, हवा देऊन परत ठेवावा.

प्रश्न : गंजलेल्या चाकूने बोट कापले तर धनुर्वात होतो असे लहानपणापासून ऐकत आलो आहे. आणि अशा चाकूने कापलेले फळ खाल्ले तर अपाय होतो का?

उत्तर : धनुर्वात गंजाने होत नाही, तर क्लॉस्ट्रिडियम टेटॅनी नावाच्या जिवाणूने होतो. त्याचे बीजाणू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. मातीत पडलेला जुना खिळा गंजलेलाही असतो आणि त्याच्यावर बीजाणूही असतात, त्यावरून हा समज रुजला. चकचकीत पण मातीने माखलेला चाकू तितकाच धोक्याचा आहे. जखम खोल किंवा मळकट असेल, तर ती वाहत्या पाण्याने धुवावी आणि आधीची धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते आठवून डॉक्टरांना विचारावे. फळाला लागलेल्या किंचित गंजाने निरोगी माणसाला अपाय होत नाही. डाग काढायला वापरलेले पॉलिश आणि आम्ल यांची मात्र काळजी घ्यावी. त्यानंतर पाते साबणाने नीट धुतल्याशिवाय खाण्याच्या वस्तूला लावू नये.

प्रश्न : माझे काम होडीवर असते. समुद्राच्या पाण्यात रोज भिजूनही गंजणार नाही असे पाते असते का?

उत्तर : जवळजवळ तसे असते. कडकपणासाठी कार्बनऐवजी नायट्रोजनचा आधार घेतला, तर क्रोमियम कार्बाइडमध्ये फारसे अडकत नाही आणि जवळजवळ सगळे पापुद्र्याच्या कामी येते. एलसी२००एन हे असे पोलाद आहे. एच१ या पोलादात कार्बन मुळातच अगदी कमी असतो. खाऱ्या पाण्यात ती फार चांगली टिकतात. एच१ची साधी धार मात्र लवकर बोथट होते, असा माझा अनुभव आहे. २०२१ साली लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाच्या आराखड्यावरून आलेले मॅग्नाकट हे आणखी वेगळे उदाहरण. त्यात क्रोमियम अवघे १०.७ टक्के, म्हणजे स्टेनलेसच्या किमान मर्यादेवरच. तरीही ते १६-१७ टक्क्यांच्या कित्येक पोलादांपेक्षा गंजाला चांगले तोंड देते, कारण त्यातला कार्बन व्हॅनेडियम आणि नायोबियम यांच्या कणांत बांधला जातो आणि क्रोमियम मोकळे राहते. पोलादाच्या पत्रकावरचा क्रोमियमचा आकडा एकटा वाचून काही ठरवू नये, हे यावरून कळेल.

होडीसाठी चाकू निवडताना पात्याच्या पृष्ठभागाकडेही पाहावे. काचेच्या किंवा वाळूच्या कणांचा मारा करून करडे, खरखरीत केलेले पाते देखणे दिसते, पण त्याच्या असंख्य खळग्यांत खारे पाणी अडकते. तेच पोलाद गुळगुळीत घासलेले असेल तर पुष्कळ जास्त टिकते. पाते कोणतेही असो, दिवस संपला की चाकू उघडून गोड्या पाण्याने धुवावा. खीळ आणि स्क्रू पात्याच्या पोलादाचे नसतात, हे विसरू नये.

प्रश्न : डाग सगळे गेले, पण धारेवरच दोन-तीन बारीक खड्डे राहिले आहेत आणि चाकू नीट कापत नाही. यंत्रावर घासून घेऊ का?

उत्तर : यंत्रावर नको. बऱ्याच पात्यांचे कडक करून झाल्यावरचे शेवटचे तापवणे १५० ते २५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान केलेले असते आणि वेगाने फिरणाऱ्या कोरड्या चाकावर पातळ धार त्यापलीकडे केव्हा तापली ते कळतही नाही. साध्या पोलादावर तापल्याचा रंग लवकर उमटतो. स्टेनलेसवर तो जास्त उष्णतेला उमटतो, म्हणजे निळी झाक दिसेपर्यंत धारेचे पाणी केव्हाच उतरलेले असते. जास्त तापलेल्या जागेचा गंज सोसण्याचा गुणही कमी होतो.

निसण्यावर, पाणी किंवा तेल घालून, हातानेच धार लावावी. दोन्ही बाजू सारख्या घासत जाव्यात आणि मधूनमधून धार उजेडाकडे धरून भिंगाने पाहावी. खड्डा असेल तिथे धारेची रेषा तुटलेली आणि चमकणारी दिसते. रेषा सलग, न चमकणारी झाली की थांबावे. निसण्यावर जमलेला काळपट गाळ म्हणजे लोखंडाचा सूक्ष्म कीसच असतो, आणि तो पात्यावर वाळू दिला तर सकाळपर्यंत तांबडा होतो. म्हणून धार लावून झाल्याबरोबर, निसणा आवरायच्याही आधी, पाते साबणाने धुऊन पुसून घ्यावे.